धूर आधी दिसतो

मंगळवारी सकाळी दाढी करताना मी हनुवटी कापून घेतली, आणि त्याला कारण समोरच्या गच्चीवरची एक बाई. तिला बिचारीला याचा काही पत्ता नाही. ती कठड्यावर गादी टाकून काठीनं बडवत होती आणि मी आमच्या चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात, खिडकीच्या चौकटीला आरसा टेकवून उभा होतो. काठी खाली आली, गादीतून धुळीचा लहानसा लोट उठला, आणि मग, जरा थांबून, धप्प असा आवाज आला. पुन्हा काठी, पुन्हा धूळ, पुन्हा मधला तो रिकामा क्षण, आणि मग धप्प. या घरात राहून मला बावीस वर्षं झाली. गाद्या काय दर आठवड्याला बडवल्या जातात. पण धूळ आणि धप्प यांच्यामधली ही फट त्या दिवसापर्यंत माझ्या नजरेतून कशी सुटली कोण जाणे. ती फट मला ओळखीची होती. तीन दशांश सेकंद. मोजायची गरजच नव्हती, अंगात भिनलेली होती ती. वस्तऱ्याच्या मुठीवर माझा अंगठा आपोआप खाली दाबला गेला आणि पातं हनुवटीत शिरलं. मी तसाच बघत राहिलो. 'अहो, रक्त येतंय,' बायको दारातून म्हणाली. 'चाळीस वर्षं दाढी करताय, अजून हनुवटी कुठे आहे ते सापडत नाही?' तिनं कापूस आणून दिला. मी तो लावला आणि पुन्हा खिडकीत गेलो, पण तोवर बाई गादी उलटी करून खाली निघून गेली होती.

वेळ मोजणं हा काही माझा पोटापाण्याचा धंदा नव्हे. पोटासाठी मी पाणीखात्यात मीटर वाचायचो, घरोघरी वाकून, डबक्यातली पानं बाजूला सारून. पण रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मी सायकलींच्या ट्रॅकवर वेळाधिकारी असायचो. छातीवर बिल्ला, गळ्यात दोरीला घड्याळ, आणि हातात काही नाही, कारण घड्याळाचा हात मोकळा पाहिजे. ही सवय माणसाला घरातही सुखानं जगू देत नाही. आमच्या किटलीला उकळी यायला चार मिनिटं दहा सेकंद लागतात. लिफ्ट तळापासून आमच्या मजल्यापर्यंत एकोणीस सेकंदांत येते, आत कोणी जाडा असला तर एकवीस. बायको 'दोन मिनिटांत आले' म्हणते ती सरासरी अकरा मिनिटांत येते. हे मी तिला एकदा वहीत काढून दाखवलं, तर म्हणाली, 'मोजत बसण्याऐवजी दार-खिडक्या लावल्या असत्यात तर सातात आले असते.' बोलण्यात तिच्यापुढे माझा कधीच टिकाव लागला नाही. माझ्या घड्याळाचाही नाही. पण त्या सकाळी हनुवटीवर कापूस धरून मी स्वयंपाकघरात बसलो आणि किटली शिट्टी मारू लागली तरी मला ऐकू आलं नाही, तेव्हा ती समोर बसली आणि म्हणाली, 'रविवारपासून तुमचं काहीतरी बिनसलंय. ट्रॅकवर काय झालं?' मी म्हणालो, 'काही नाही. ट्रॅक बंद होतोय, एवढंच.' हे खरं होतं. आणि खोटंही होतं.

ट्रॅक खरोखरच बंद होणार होता. सिमेंटचा, चारशे मीटरचा, दोन्ही वळणांवर भिंतीसारखा उंच होत गेलेला. सिमेंटला जागोजागी भेगा पडल्या होत्या आणि शहराला तिथे मोटारी उभ्या करायच्या होत्या. रविवारी शेवटची शर्यत झाली. नव्या ट्रॅकवर आता विजेची यंत्रं आहेत, सेकंदाचे हजार तुकडे करतात म्हणे, पण आमच्या ट्रॅकचा विक्रम शेवटपर्यंत हाताच्या घड्याळावरच धरायचा असा नियम होता. म्हणून मलाही बोलावणं आलं. आणि त्या शेवटच्या शर्यतीत एक एकोणीस वर्षांची पोरगी एक किलोमीटर एक मिनिट चौदा पूर्णांक तीन सेकंदांत आली. तिन्ही घड्याळांत तीच वेळ. धूर मी स्वच्छ पाहिला होता, चाक रेषेवर आलेलं स्वच्छ पाहिलं होतं. प्रवेशद्वाराजवळच्या पत्र्याच्या फलकावर बायकांच्या किलोमीटरचा विक्रम एकतीस वर्षांपासून लिहिलेला होता, एक मिनिट चौदा पूर्णांक दोन. एका दशांशानं हुकला. पोरगी सायकलवरून उतरली आणि तिथेच गवतात बसून ढसाढसा रडली. ज्या बाईचा तो विक्रम, तीच तिच्याजवळ पाण्याची बाटली घेऊन बसली होती. तिची सख्खी मावशी आणि तिला शिकवणारीही तीच. पोरीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणत होती, 'अगं एक दशांश! डोळ्याची पापणी लवते ना, तेवढासुद्धा नाही.' मग माझ्याकडे बघून हसली. 'काय हो दादा, माझा विक्रम भलताच चिवट निघाला.' मी मान खाली घातली. येत्या शनिवारी तो फलक उतरवून, नव्यानं रंगवून, संघटनेच्या कचेरीतल्या भिंतीवर कायमचा लावणार होते. त्यानंतर त्यावरचा एकही आकडा कधीच बदलणार नव्हता. चिटणीसानं हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मला वेळ मोजायला शिकवलं मास्तरांनी. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीत जिथे काही धावत असेल तिथे घड्याळ घेऊन उभे राहायचे. तरुणपणी त्यांनी घोडे मोजले होते. घोड्याचं नाक, सायकलचं पुढचं चाक, माणसाची छाती, ज्याचं जे आधी पोचतं ते बघायचं, बाकी जनावर मागून येतंच, असं ते म्हणत. मोटारींच्या वेगाचा विक्रम असला की ती मोटार दोनदा पळवतात, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि दोन्हींची सरासरी धरतात, वाऱ्यानं केलेली मदत वाऱ्याला परत जावी म्हणून, हे मला त्यांनीच सांगितलं. मला ते फार आवडलं होतं. जगात कुठेतरी माणसं इतकी प्रामाणिक आहेत की वाऱ्याचंसुद्धा फुकटचं घेत नाहीत. पण मास्तरांचा पहिला धडा होता धुराचा. सायकलीचा किलोमीटर म्हणजे अडीच फेऱ्या. त्यामुळे शर्यत सुरू होते मैदानाच्या पलीकडे आणि संपते अलीकडे, आमच्या पुढ्यात. पिस्तूल वाजतं ते शंभर मीटर लांब. 'आवाज आळशी आहे लेका,' मास्तर म्हणायचे. 'तो मैदान ओलांडून येईपर्यंत चाक हललेलं असतं. धूर आधी दिसतो. पिस्तुलामागे काळी फळी कशासाठी धरतात? पांढरा धूर दिसावा म्हणून. धूर दिसला की अंगठा. कान घरी ठेवून यायचं.' शनिवारी दुपारी ते मला रिकाम्या ट्रॅकवर न्यायचे, पलीकडे कुणाला तरी दोन फळ्या आपटायला उभं करायचे, आणि मी कानांत कापूस घालून तासन्तास फळ्यांकडे बघत अंगठा दाबायचो. आणि चुकून आवाजावर दाबला तर? मग निमूटपणे हात वर करायचा आणि म्हणायचं, माझं घड्याळ बाद. त्यात लाज नाही. लाज गप्प बसण्यात आहे. हे सगळं मला पाठ होतं.

आणि तरीही एकतीस वर्षांपूर्वी, पहिल्यांदाच मला विक्रमाच्या प्रयत्नासाठी उभं केलं, तेव्हा नेमक्या त्या घटकेला माझ्या मनात आलं, आपण घड्याळाला चावी दिली का? दिली होती. सकाळीच दिली होती, बायको साक्षीला होती. पण मनात किडा शिरला तो शिरला. मी खाली घड्याळाकडे पाहिलं, फक्त पाहिलं, आणि तेवढ्यात कानावर पिस्तूल वाजलं आणि अंगठा दाबला गेला. वर बघतो तो काळ्या फळीसमोर धूर पांगत होता आणि ती निघालेली होती. हात वर करायचा होता. केला नाही. डाव्या बाजूला मास्तर, उजव्या बाजूला मुख्य वेळाधिकारी, अंगावर नवा कोरा बिल्ला, आणि समोरून ती येत होती. पोरीची हीच मावशी, तिला तेव्हा सगळे भिंगरी म्हणत. तेवीस वर्षांची, काटकुळी, उधारीवर आणलेल्या सायकलवर. त्याआधी तिची वेळ सोळाच्या खाली कधी आली नव्हती. पण त्या दिवशी ती वळणाच्या उंच भिंतीवरून खाली उतरली आणि फार सुरेख येत होती. खांदे हलत नव्हते. तोंड उघडं होतं आणि डोळे आमच्याकडे, रेषेकडे. मी हात वर करायला हवा होता हे मी विसरलो असं म्हणणार नाही. मला वाटलं, हात वर केला तर हिला काहीतरी होईल. मग चाक रेषेवर आलं, आणि तिथे मात्र मी चुकलो नाही. मुख्यांनी आपलं घड्याळ वाचलं, 'एक चौदा पाच.' मी वाचलं, 'चौदा दोन.' आणि मास्तर, ज्यांचं घड्याळ मी देवाच्या वचनासारखं मानायचो, ते घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, 'चौदा दोन.' तीन घड्याळांतली दोन जुळली की तीच वेळ खरी, असा नियम. आधीचा विक्रम चौदा चारचा होता, एका परगावच्या बाईचा. मुख्यांनी आपलं घड्याळ हलवून पाहिलं, कानाशी लावलं आणि म्हणाले, 'माझंच मागे पडलं वाटतं.' लोक ओरडायला लागले. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'बरोबर धरलंस,' ते म्हणाले.

आमच्या दोघांची घड्याळं का जुळली हे मला त्याच संध्याकाळी कळलं. ट्रॅकवरून घरी चालत जाताना मास्तर फुटपाथच्या कडेला अडखळले. मग एका दुकानाच्या पाटीसमोर थांबून त्यांनी मला सहज विचारावं तसं विचारलं, 'काय लिहिलंय रे?' हातभर अक्षरं होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शाळेतून निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली होती आणि चित्रकलेच्या शिक्षकाला दिसत नाही हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. त्यांनाही धूर दिसला नव्हता. तेही आवाजावरच निघाले होते. दोन चुका एकमेकींना भेटल्या आणि त्यांचं खरं झालं. मी त्यांना पाटी वाचून दाखवली. त्यानंतर ते कधी ट्रॅकवर घड्याळ घेऊन उभे राहिले नाहीत. महिन्याभरानं त्यांनी मला घरी बोलावलं आणि आपलं घड्याळ माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटली. माझी चूक त्यांना ठाऊक होती का? मला वाटतं, होती. आम्ही कधी बोललो नाही. ते गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होतो, आणि तेव्हाही मनात हेच, की या माणसानं मला शनिवारमागून शनिवार दिले, फळ्या आपटणाऱ्याला खाऊ पिऊ घातलं, माझ्या हातात एक कसब दिलं, आणि मी त्यांना एवढंच देऊ शकतो, गप्प राहणं. मला ते पुरेसं उदात्त वाटायचं.

त्या आकड्यावर भिंगरीला खेळाडू म्हणून टपालखात्यात नोकरी लागली. त्या नोकरीवर तिनं आईवडिलांचं केलं, बहिणीला उभं केलं, बहीण गेल्यावर तिची पोर वाढवली. मधली काही वर्षं आमची गल्ली तिच्याकडे होती. रोज अकराच्या सुमारास खाली घंटी वाजायची, आणि मी घरी असलो तर मला उतरावं लागायचं. 'दादा, टपाल,' ती म्हणायची, लाल पिशवी, घामेजलेलं कपाळ, आणि मी पत्र घेऊन जमिनीकडे बघत 'हं' म्हणायचो. बायको वरून बघायची. 'त्या पोरीशी धड दोन शब्द बोलवत नाहीत तुम्हाला? तुमच्यामुळे ती या शहरात नाव काढून आहे.' माझ्यामुळे! तो शब्द ऐकला की मी जिना चढताना पायऱ्या मोजायला लागायचो. पण एक सांगतो, त्या सगळ्या वर्षांत मला नुसतीच बोचणी होती असं नाही. तिला पिशवी घेऊन वळणावरून जाताना बघितलं की आत कुठेतरी बरंही वाटायचं. एवढ्याशा चुकीतून एवढं मोठं घर उभं राहिलं. चूक माझी, कष्ट सगळे तिचे. ज्यानं मला हे बघू दिलं त्याचे आभार मानावेत की त्याच्यापुढे कान धरावेत, हे ठरत नव्हतं, आणि न ठरवता दिवस जात होते.

पण रविवारी गवतात बसून रडणारी ती पोरगी. तिनं चौदा तीन केलं होतं. खरा विक्रम चौदा चारचा होता. म्हणजे ती जिंकली होती आणि तिला ते माहीत नव्हतं, आणि जगात ते माहीत असलेला एकुलता एक माणूस टाळ्या वाजवत होता. आजपर्यंत माझ्या गप्प बसण्यानं कुणाचं काही गेलं नाही असं मी स्वतःला सांगायचो. त्या परगावच्या बाईचं गेलं होतं, पण ती लांब होती, चेहरा आठवत नव्हता, आणि लांबच्या माणसाचं नुकसान पचवायला सोपं असतं. मंगळवारी किटली बंद करून मी बायकोला सगळं सांगितलं. काळी फळी, चावी, मास्तरांचे डोळे. तिनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हाही एक विक्रमच. मी म्हणालो, 'मी बोललो तर मास्तरांचंही नाव जाईल.' तेव्हा तिनं विचारलं, 'का? फक्त तुमचं घड्याळ बाद धरलं तर काय होतं?' मी म्हणालो, 'मग दोन उरतात. मुख्यांचं चौदा पाच आणि मास्तरांचं चौदा दोन.' 'आणि दोन असली तर?' दोन असली तर उशिराची वेळ धरायची, म्हणजे चौदा पाच. नियमांच्या पुस्तकात चौथ्या पानावर आहे. मास्तरांविषयी अवाक्षर काढायची गरजच नव्हती. आणि हे मला आज कळलं असं नाही, हे मला पहिल्यापासून पाठ होतं. एकतीस वर्षं मी मास्तरांना झाकत नव्हतो, त्यांच्या अधू डोळ्यांच्या आड मीच लपलो होतो. बायको म्हणाली, 'सांगून मोकळे व्हा, नाहीतर गप्प बसून मोकळे व्हा. हे अधांतरी लोंबकळणं मला आता बघवत नाही.' मग उठता उठता म्हणाली, 'आणि तिच्यासमोर तरी मान वर ठेवा.'

भिंगरीचं घर तिसऱ्या मजल्यावर, टपालखात्याच्या वसाहतीत. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दोन सायकली भिंतीला टेकवलेल्या, एक पोरीची, हलकी, आणि एक तिची जुनी टपालाची, काळी, जाड. तिनं मला खुर्चीवर बसवलं, चहा टाकला, आणि मी चहा यायच्या आधीच बोलायला लागलो, कारण कप हातात आला की मी खाली बघितलं असतं. मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. धूर बघितला नाही, आवाजावर दाबलं, हात वर केला नाही. तुझी खरी वेळ चौदा पाच. मास्तरांचं नाव काढलं नाही. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला. सवयीनं मी मनात सेकंद मोजायला लागलो आणि मग स्वतःला दटावलं. ती वळली. डोळे भरलेले होते. 'चौदा पाच,' ती म्हणाली. 'नक्की चौदा पाच? त्यात तरी काही नाही ना?' मी म्हणालो, 'नाही. मुख्यांनी धूर पाहिला होता. त्यांचा हात सोन्याचा होता.' 'म्हणजे मी पंधराच्या आत आले होते.' 'आली होतीस. त्याआधी सोळाची होतीस. एवढी झेप मी परत कुणाची पाहिली नाही.' ती खुर्चीवर बसली. टेबलावरचं फडकं उचललं, पुन्हा ठेवलं. 'मला कायम वाटायचं दादा, की त्या दिवशीची मी आणि नंतरची मी वेगळ्या. कितीदा प्रयत्न केला, चौदा दोनच्या जवळपास जाता आलं नाही. पाय तेच, सायकल त्याहून बरी, आणि आकडा लांबच लांब. स्वतःलाच खात होते मी. आतून वाटायचं, आपण आळशी झालो.' मी फक्त त्या परगावच्या बाईचा आणि भाचीचा विचार केला होता. हिचंही काही गेलं असेल हे माझ्या मोजमापात कुठे आलंच नव्हतं. मी म्हणालो, 'मला माफ कर.' ती म्हणाली, 'थांबा हो, आधी तिला सांगू दे.' आणि आतल्या खोलीकडे तोंड करून तिनं असा आवाज दिला की खिडकीची काच थरथरली. 'अगं ए, बाहेर ये! रविवारी उगाच रडलीस!'

पोरगी ओल्या केसांनी बाहेर आली. मावशीनं तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. पोरगी माझ्याकडे बघत राहिली, मग मावशीकडे. 'म्हणजे मी तुला हरवलं?' 'दोन दशांशांनी. आणि त्या चौदा चारवालीला एकानं. मी मध्ये नव्हतेच, मी आपली एकतीस वर्षं फुकट उभी होते.' पोरगी हसायला लागली आणि हसता हसता मावशीच्या गळ्यात पडून पुन्हा रडली. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, 'काका, मावशीची नोकरी?' तीच भीती घेऊन मी तीन जिने चढलो होतो. भिंगरीनं हात झटकला. 'एकतीस वर्षं ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटलं नाही, एक पत्र चुकीच्या घरात टाकलं नाही. विचारू देत मला कुणी, बघते मी.' मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, 'दादा, तुम्ही त्या दिवशी हात वर केला असता ना, तर मी सोमवारी परत शिवणकामाच्या कारखान्यात जाऊन बसले असते. मला तुमचा राग यायला पाहिजे. येतोय पण थोडा. पण आभारच जास्त वाटतायत, त्याला मी काय करू?' मी म्हणालो, 'मलाही तेच वाटतंय.' तिनं उरलेला चहा कपात ओतून माझ्या हातात दिला, आणि मग मी खरंच खाली बघितलं.

संघटनेला द्यायचं पत्र आम्ही तिघांनी मिळून लिहिलं. चिटणीस ते वाचून कावराबावरा झाला. 'काका, एकतीस वर्षांनी? आता कशाला उकरून काढताय? फलक रंगवायला गेलासुद्धा.' तेव्हा भिंगरीनं त्याच्या हातातून पत्र घेतलं, त्याच्याच टेबलावर टेकवून खाली लिहिलं, 'माझी हरकत नाही,' आणि सही ठोकली. 'रंगारी कुठे बसतो?' तिनं विचारलं. फलकावर पोरीचं नाव आलं, एक मिनिट चौदा पूर्णांक तीन. नोंदवहीत मधल्या एकतीस वर्षांपुढे त्या परगावच्या बाईचं नाव पुन्हा लिहिलं गेलं. तिला कळवायचं कसं, पत्ता तर कुणाकडेच नाही, असं चिटणीस म्हणाला. भिंगरी म्हणाली, 'पत्र लिहा, पोचवते मी. सगळा जन्म टपालात गेला, पत्ता हुडकायला मला कुणी शिकवायला नको.' माझा बिल्ला मी टेबलावर ठेवला. चिटणीस नको नको म्हणत होता, पण ते बरोबर होतं. हलकं वाटलं, आणि जिन्याच्या पायऱ्या किती हे उतरताना मोजायचं राहून गेलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सातला भिंगरीनं मला ट्रॅकवर बोलावलं. 'घड्याळ घेऊन या,' एवढंच म्हणाली. दाराला कुलूप लागलं होतं, पण एका बाजूची जाळी कापलेली होती आणि आम्ही तिथून आत शिरलो, साठीचा मी, चोपन्नची ती, आणि तिची ती जाड काळी टपालाची सायकल. ट्रॅक फोडायची यंत्रं आणून ठेवलेली होती. वळणावरचं सिमेंट एका जागी फोडायला सुरुवात झाली होती, तिथे खालच्या अंगानं जायला वाट होती. पोरगी आधीच पलीकडे जाऊन उभी होती, हातात पांढरा रुमाल. पिस्तूल कुठून आणणार? तिच्यामागे कठड्यावर तिनं आपला काळा कोट पसरून ठेवला होता. हे तिला मी सांगितलं नव्हतं. मी रेषेवर उभा राहिलो. मास्तरांचं घड्याळ मुठीत, अंगठा कळीवर. चावी दिली का, असं मनात आलं. येऊ दिलं आणि जाऊ दिलं. डोळे काळ्या कोटावर. रुमाल सुटला. अंगठा दाबला. आवाज कसलाच नव्हता, सगळं मैदान गप्प होतं, आणि त्या गप्पपणात भिंगरी निघाली. जड सायकल कुरकुरत वेग घ्यायला लागली. पहिल्या फेरीला माझ्यासमोरून गेली तेव्हा तिचं तोंड उघडं होतं आणि खांदे हलत होते, खूप हलत होते. दुसऱ्या फेरीला तिनं फोडलेल्या सिमेंटच्या खालच्या अंगानं सायकल काढली आणि मला शिवी ऐकू आली. शेवटच्या वळणावरून ती उतरली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण पुढचं चाक दिसत होतं, आणि ते रेषेवर आलं तेव्हा मी अंगठा दाबला.

ती बरीच पुढे जाऊन थांबली, सायकल आडवी टाकली आणि गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत परत आली. 'किती?'

'दोन मिनिटं, सहा पूर्णांक चार.'

'नक्की?'

'रुमाल सुटताना पाहिला. चाक रेषेवर येताना पाहिलं.'

'लिहून द्या.' मी वहीचं पान फाडलं, तारीख घातली, वेळ लिहिली, सही केली. तिनं ते घामेजल्या बोटांनी धरून दोनदा वाचलं, ओठ हलवत, पत्ता वाचावा तसं.

'यात तुमचं काही नाही ना, दादा?'

'काही नाही,' मी म्हणालो. 'सगळं तुझं आहे.'

तिनं कागदाची घडी करून खिशात ठेवली, वर बटण लावलं, आणि पलीकडून धावत येणाऱ्या पोरीकडे बघून हात वर केला.